प्रतिसाद: टेक्सासमधले पठाणी होले आणि शिकार

वर कुणीतरी म्हटलंय की शिकारीची मर्यादा उठवली की हे पठाणी होले (कबुतरासारखे, इथे बाहेरून आलेले पक्षी) आपोआप आटोक्यात येतील. मला नाही तसं वाटत. टेक्सासमध्ये पठाणी होल्याला ना शिकारीच्या हंगामाचं बंधन, ना संख्येची मर्यादा. शिकारीचा परवाना मात्र लागतो. तरी ते वाढलेच. १९७०च्या दशकात बहामातल्या नासाऊमध्ये पिंजऱ्यातून सुटलेले हे पक्षी फ्लोरिडात आले आणि तिथून अमेरिकाभर पसरले. ते राहतात कुठे? गावात, धान्याच्या कोठारांपाशी, परसातल्या दाण्यांवर. तिथे बंदूक कोण चालवणार!

खरी काळजी ओळखीची आहे. मोर्निंग डव्ह (Mourning Dove) हा दिसायला तसाच होला, पण इथला मूळचा. त्याला हंगाम आहे, मर्यादाही. उडताना शेपूट बघा: त्याची निमुळती टोकदार, पठाणीची रुंद, टोकाला सरळ कापल्यासारखी. पठाणीच्या मानेमागे काळी अर्धी कंठी. आमच्या कुंपणावर रोज बसतो, तिथून अगदी स्पष्ट दिसते. पण संध्याकाळच्या उजेडात, झपाट्याने जाणाऱ्या पक्ष्याची कंठी दिसत नाही हो. खात्री नसेल तर कृपा करून बार टाकू नका.

भारतात पठाणी होला मूळचा, आणि तिथे त्याची शिकार गुन्हा आहे. त्याची घुघूऽऽघू ऐकली की मला अजून गावची दुपार आठवते.