मदत हवी आहे: फाउलर म्युझियमचं मामी वाटावरचं पुस्तक (तातडीचं)

पानखूण
लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या फाउलर म्युझियमनं काढलेलं, मामी वाटा या आफ्रिकेतल्या जलदेवतेवरचं पुस्तक हवं आहे. ऑनलाइन दुकानांत एकतर संपलंय किंवा किंमत आवाक्याबाहेर. पीडीएफचा दुवा असेल तर द्या. शुक्रवारच्या आत हवंय. शोधून झालंय, त्यामुळे 'शोधा' असं सांगू नका.

शाईदौत
कुठलं पुस्तक? २००८ साली दोन निघाली आणि दोन्हींवर संपादक म्हणून हेन्री जॉन ड्रूअल यांचंच नाव आहे. 'मामी वाटा: आर्ट्स फॉर वॉटर स्पिरिट्स...' हा फाउलरचा प्रदर्शन-कॅटलॉग, मोठ्या आकाराचा, चित्रांनी भरलेला. 'सेक्रेड वॉटर्स: आर्ट्स फॉर मामी वाटा...' हे इंडियाना युनिव्हर्सिटी प्रेसचं, जाडजूड, बऱ्याच अभ्यासकांचे लेख आणि सोबत डीव्हीडी. नावं सारखी, साल एकच, त्यामुळे लोक एक मागवतात आणि येतं दुसरं. प्रकाशक पाहिल्याशिवाय पैसे भरू नका.

पानखूण
फाउलरचंच. सापवाली बाई आहे ते.

कोरीवलेणं
फाउलरच्या आफ्रिकेवरच्या पुस्तकांत शिरायचं असेल तर सुरुवात इथून नको. आधी १९७७चं 'द आर्ट्स ऑफ घाना' घ्या, कोल आणि रॉस यांचं. मग १९८४चं 'इग्बो आर्ट्स: कम्युनिटी अँड कॉसमॉस', कोल आणि अनियाकोर. त्यात नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या इकेंगा (माणसाच्या कर्तृत्वाची कोरीव मूर्ती) आणि म्बारी (देवांसाठी बांधलेली मातीची) घरांवर जे आहे ते वाचलं की पुढचं सगळं सोपं जातं. त्यानंतर १९९२चं हत्ती आणि हस्तिदंतावरचं, १९९८चं केंटे कापडावरचं 'रॅप्ड इन प्राइड', २००३चं सेनेगलच्या सूफी कलेवरचं 'अ सेंट इन द सिटी' आणि २०११चं बेनुए नदीच्या खोऱ्यावरचं. या संग्रहालयाची खासियत ही की वस्तू काचेआड एकटी ठेवून पुस्तक लिहीत नाहीत. ती नाचते कुठे, नेसतात कधी, पुजतं कोण, हे सगळं सोबत येतं.

पानखूण
यादी उत्तम आहे, पण मला यादी नकोय. एकच पुस्तक हवंय, त्यातही चारदोन पानंच.

तळटीप
मग सुरुवातीलाच सांगायचं ना. कुठली पानं? मजकूर हवा आहे की चित्र? कशासाठी?

पानखूण
दिवाळी अंकासाठी लेख आहे, कॅलेंडरवरच्या चित्रांवर. मुंबईत छापलेलं सापवालीचं चित्र आफ्रिकेत गेलं, तो भाग. संपादकांना संदर्भ पान क्रमांकासह हवा आहे आणि चित्रही छापायचंय.

तळटीप
म्हणजे तीन वेगळे प्रश्न आहेत.

मजकुरासाठी पुस्तकावाचून अडत नाही. 'आफ्रिकन आर्ट्स' हे नियतकालिक यूसीएलएमधूनच १९६७पासून निघतंय. त्याच्या २००८च्या उन्हाळी अंकात प्रदर्शनाच्याच नावाचा ड्रूअल यांचा लेख आहे: खंड ४१, अंक २. जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर मोफत खातं उघडा, महिन्याला १०० लेखांपर्यंत ऑनलाइन वाचता येतात. मुंबईचा धागा त्याहून जुना आहे. जिल सॅमन्स यांचा 'मॅमी वाटा' हा लेख त्याच नियतकालिकात १९७७ साली आला: खंड १०, अंक ३. संपादकांना हेच संदर्भ द्या, कॅटलॉगपेक्षा ते मूळच्या जवळ आहेत.

पान क्रमांक कॅटलॉगचाच हवा असेल तर हाथीट्रस्ट या स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात पुस्तक शोधून 'पुस्तकाच्या आत शोध' वापरा. हक्क असलेल्या पुस्तकाचं पान दिसत नाही, पण शब्द कुठल्या पानांवर आहे ते कळतं. 'मुंबई' घालून काही हाती लागणार नाही, इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'बॉम्बे' घाला. 'कॅलेंडर' आणि 'कुमासी' (घानातलं शहर, चित्र तिथे गेलं) हेही घालून बघा.

शाईदौत
हाथीट्रस्टचा आकडा तसाच उचलू नका. स्कॅनचा क्रमांक आणि छापील पान क्रमांक यांत फरक पडतो, सुरुवातीची रोमन आकड्यांची पानं मध्ये येतात. छापील आकडाच द्यायचा.

आणि तपशील नीट लिहा. मूळ चित्र जर्मनीतलं: हॅम्बुर्गच्या अडोल्फ फ्रिडलँडर छापखान्यात १८८०च्या दशकात छापलेलं, सर्कशीतल्या गारुडिणीचं. १९५५ साली मुंबईच्या श्री राम कॅलेंडर कंपनीनं ते पुन्हा छापलं, १२,००० प्रती, कुमासीच्या व्यापाऱ्यांसाठी. मूळ चित्रातली एक रेघही बदलली नव्हती, असं कंपनीनंच नंतर पत्रातून कळवलं होतं. 'मुंबईच्या चित्रकारानं काढलेली आफ्रिकन देवी' असं कुठे कुठे वाचायला मिळतं, ते चूक आहे.

देवचाफा
१९५५ साली घाना नव्हतं, गोल्ड कोस्ट होतं. स्वातंत्र्य १९५७चं. लेखात जपा.

उंबरफूल
कॅलेंडरचा विषय निघालाय तर दत्त घ्याच. टोगो आणि बेनिनच्या किनाऱ्यावर आपल्या दत्तात्रेयाचं छापील चित्र डेन्सू म्हणून देव्हाऱ्यात असतं. तीन मुखं, गाय, चार कुत्री, सगळं तसंच. मराठी वाचकाला याहून जवळचं काय सापडेल! आपला दत्त थेट आफ्रिकेत पुजला जातो.

शाईदौत
दत्त पुजला जातो असं लिहू नका. तिथे पुजला जातो डेन्सू, पाण्याचा देव. चित्र आपलं, अर्थ त्यांचा. समुद्रापलीकडून आलेल्या चित्रात त्यांना आपलाच देव ओळखू आला, आणि मामी वाटाच्या सगळ्या अभ्यासाचा गाभा हाच आहे. 'आपला देव तिकडे पोचला' असं म्हटलं की त्यांनी केलेलं सगळं काम पुसलं जातं.

उंबरफूल
पुसायचं नाहीच. पण तीन मुखं आणि गाय कुठून आली हे तरी सांगाल की नाही?

शाईदौत
सांगायचंच. फक्त वाक्याचा कर्ता तिथले भक्त ठेवा.

हबशीमहाल
आफ्रिका आणि महाराष्ट्र म्हटलं की मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी यायला हवेत. रॉबिन्स आणि मॅक्लाउड यांनी संपादित केलेलं 'आफ्रिकन एलिट्स इन इंडिया', २००६, मापिन प्रकाशन. चित्रं अप्रतिम आहेत.

पानखूण
पुस्तक चांगलं असेल, पण माझा लेख तो नाही. चित्राचं काय? कॅटलॉगमधून स्कॅन करून छापलं तर चालेल का?

छपाईघर
हक्कांचं नंतर बघू, आधी छपाई. कॅटलॉगमधलं चित्र आधीच ठिपक्यांत छापलेलं असतं. ते तसंच स्कॅन करून पुन्हा छापलं की जाळी उमटते, गारुडिणीचा चेहरा चौकटीचं कापड दिसतो. ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, स्कॅनरमधलं ठिपके पुसणारं 'डीस्क्रीन' चालू ठेवा, मग छापायच्या मापाला ३०० डीपीआयवर आणा. १५ सेंटीमीटर रुंद छापायचं तर रुंदीला निदान १,७७२ पिक्सेल लागतात. नेटवरून उतरवलेलं ८०० पिक्सेलचं चित्र जेमतेम पावणेसात सेंटीमीटरला पुरतं. आणि पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर काचेवर दाबून सपाट करू नका. मऊ बांधणीच्या कॅटलॉगचा कणा डिंकावर असतो, एकदा तडकला की पानं सुटतात. फोन वरून सरळ धरून फोटो काढणं बरं.

तळटीप
सापवालीच्या छापील चित्राला अडचण नाही. १९५५च्या भारतीय छपाईवर हक्क धरला तरी निनावी चित्राची ६० वर्षं २०१५च्या अखेरीस संपली. एक रेघही बदलली नसेल तर नवा हक्क मुळात निर्माणच झाला नाही.

कोरीवलेणं
इतकं सरळ नाही. संग्रहालयाच्या फोटोसाठी परवानगी आणि शुल्क लागतंच.

तळटीप
सपाट चित्राच्या हुबेहूब फोटोवर स्वतंत्र हक्क नाही, असं १९९९च्या ब्रिजमन विरुद्ध कोरेल खटल्यात अमेरिकी न्यायालयानं म्हटलंय.

कोरीवलेणं
तो अमेरिकेतल्या जिल्हा न्यायालयाचा निकाल, अंक छापला जाणार महाराष्ट्रात. शिवाय फाइल संग्रहालयाकडून घेतली की अर्जावरच्या अटी पाळाव्या लागतात. हक्क वेगळा, करार वेगळा.

तळटीप
करार फाइल मागितली तर. तरी एक गोष्ट मान्य: देव्हाऱ्याचे, पुजारणींचे, मिरवणुकीचे फोटो अजिबात उचलू नका. ते क्षेत्रकार्य करणाऱ्या अभ्यासकांचे आहेत, हक्क बहुधा त्यांचाच. चित्राखालची किंवा पुस्तकाच्या शेवटची फोटोश्रेयाची ओळ वाचा आणि परवानगी त्या माणसाकडून मागा, शुक्रवारपर्यंत येईल असं धरून चालू नका.

देवचाफा
मुंबई विद्यापीठात आफ्रिका अभ्यासाचा विभाग आहे, कालिनाला. कॅटलॉग तिथे आहे का, हे आधी फोन करून विचारा. नावानं शोधताना 'मामी' आणि 'मॅमी' दोन्ही स्पेलिंगं सांगा, एकच सांगितलं तर 'नाही' असं उत्तर मिळतं.

पानखूण
सॅमन्स आणि ड्रूअल, दोन्ही लेख मिळाले. मुंबईचा भाग दोन्हींत आहे, पुस्तक आता लागणार नाही. चित्राची जुनी छापील प्रत संपादकांच्या ओळखीतल्या एका संग्राहकाकडे आहे असं आत्ताच कळलं. ती १९५५चीच कशावरून?

छपाईघर
मापावरून सुरुवात करा. मुंबईची छपाई १० बाय १४ इंचांची होती. पट्टी लावताना चौकटीतलं चित्र आणि पूर्ण कागद अशी दोन्ही मापं घ्या, कारण फ्रेममध्ये बसवताना कडा कापतात आणि कंपनीचं नाव असेल तर तेही त्या पट्टीबरोबर जातं. मग भिंग घेऊन सापाच्या अंगावर बघा. सारख्या अंतरावर ओळीनं ठिपके दिसले तर ऑफसेट, वेडेवाकडे दाणे दिसले तर शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापायची जुनी पद्धत. ऑफसेट निघाली म्हणून १९५५ पक्कं होत नाही, नंतरही कुणी छापलेली असू शकते. पण शिळाछाप निघाली तर मुंबईचं नाव घालण्याआधी थांबा. दोन्ही मापं आणि भिंगातून काढलेला फोटो इथे टाका.