गुऱ्हाळाच्या गेमसाठी आयसोमेट्रिक स्प्राइट: टाइल जुळत नाहीत, जोडांवर रेघा दिसतात

पन्हाळा_पिक्सेल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर एक छोटा गेम करतोय. गोडो ४ (गेम इंजिन), आयसोमेट्रिक म्हणजे वरून तिरकी दिसणारी टाइल, ६४×३२ पिक्सेल. उसाचं रान, चरक, चुलवणावरची काहील, चिमणी, कौलारू शेड, सगळं ब्लेंडरमध्ये (थ्रीडी सॉफ्टवेअर) मॉडेल करून पीएनजी काढतोय, तेच गेममधले स्प्राइट. कॅमेरा ऑर्थोग्राफिक (लांबची वस्तू लहान न दाखवणारा), फिरवणं एक्स ५४.७३६ आणि झेड ४५ अंश.

अडचणी अशा: टाइल ६४ रुंद केली की उंची ३७ येते. दाबून ३२ केली तर काहीलीचा गोल काठ चपटा दिसतो. जमिनीच्या टाइल शेजारी शेजारी मांडल्या की जोडावर बारीक रेघ दिसते. छपराची मागची उतरण करवतीसारखी दातेरी येते. आणि गुळव्या (गूळ शिजवणारा माणूस) शेडच्या कडेनं चालला की मध्येच भिंतीमागं गायब होतो. कुठून सुरुवात करू?

करवीर_ब्लेंड

सुरुवात कॅमेऱ्यापासून. ५४.७३६ हा खऱ्या आयसोमेट्रिकचा कोन आहे. त्यात चौकोनाच्या कडा पडद्यावर ३० अंशांनी उतरतात, म्हणून ६४ रुंदीला ३६.९५ उंची येते. तुमचे ३७ तिथून आले. गेममधली २:१ टाइल नावाला आयसोमेट्रिक, पण तिची कड २६.५६५ अंशांची असते. त्यासाठी एक्स ६० ठेवा, झेड ४५ तसाच राहू द्या. चित्र नंतर दाबायचं नाही. दाबलं की उभ्या भिंतीही बुटक्या होतात.

आता स्केल. ब्लेंडरमध्ये १×१ युनिटची फरशी म्हणजे एक टाइल धरा. ती ४५ अंशांत फिरलेली असल्यानं तिचा कर्ण १.४१४२ युनिट. रेंडर २५६×२५६ घेतलात तर त्यात चार टाइल रुंदी मावते, म्हणून ऑर्थोग्राफिक स्केल (कॅमेऱ्यात मावणारी रुंदी, युनिटमध्ये) १.४१४२ × ४ = ५.६५७. हा आकडा एकदा टाकला की पूर्ण प्रोजेक्ट होईपर्यंत हलवायचा नाही. चिमणी मावत नाही म्हणून तेवढ्यापुरता स्केल वाढवला की तिच्या विटा शेडच्या विटांपेक्षा बारीक होतात आणि ते लगेच डोळ्यात भरतं. मोठ्या वस्तूला ५१२×५१२ आणि स्केल ११.३१४ घ्या, प्रमाण तेच राहतं.

उंचीचा हिशेब वेगळा असतो, इथं बरेच जण चुकतात. एक युनिट उंची पडद्यावर ३९.१९ पिक्सेल होते. बरोबर ३२ पिक्सेल हवेत तर मॉडेलमध्ये ०.८१६५ घ्या, ८ पिक्सेलच्या पायरीला ०.२०४१. ओटा, जोतं, चुलवणाची भिंत सगळं याच पटीत ठेवलं की कडा अर्ध्या पिक्सेलवर पडत नाहीत.

कॅमेऱ्याची शिफ्ट वाय ०.२५ करा. २५६ च्या रेंडरमध्ये वस्तू ६४ पिक्सेल खाली सरकते आणि वर चिमणीला जागा मिळते. गोडोत स्प्राइटचा ऑफसेट वाय −६४ दिला की पाया परत नोडच्या (गोडोतल्या त्या वस्तूच्या) जागेवर येतो.

अजून एक: ब्लेंडर ४.० पासून व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रंग पडद्यावर कसे उमटतील ते ठरवणारी सेटिंग) मुळात एजीएक्स असतो. त्यात गुळाचा पिवळाधमक रंग मळकट होतो. स्टँडर्ड निवडा.

रंकाळा_रेट्रो

जोडावरच्या रेघेचं कारण सांगतो. रेंडर करताना कड मऊ होते, म्हणजे कडेचे पिक्सेल अर्धे पारदर्शक असतात. शेजारच्या टाइलचेही तसेच. अर्ध्यावर अर्धं ठेवलं तर १०० टक्के झाकलं जात नाही, ७५ टक्केच झाकलं जातं. उरलेल्या पावात मागचा रंग डोकावतो, तीच रेघ.

म्हणून जमिनीची टाइल रेंडरच्या कडेवर सोडू नका. जमीन ३×३ टाइलएवढी मोठी रेंडर करा आणि मधला तुकडा कडक मास्कनं (अर्धपारदर्शक कड नसलेल्या साच्यानं) कापा. मास्क ऍसेप्राइटमध्ये (पिक्सेल चित्रांचं सॉफ्टवेअर) हातानं काढा: पहिली ओळ २ पिक्सेल, मग ६, १०, १४ असं चारचारनं वाढवत सोळाव्या ओळीला ६२. सतराव्या ओळीला परत ६२ आणि तिथून उतरत बत्तिसाव्या ओळीला २. एकूण १०२४ पिक्सेल, म्हणजे ६४×३२ च्या बरोबर निम्मे. शेजारची टाइल ३२ आडवी, १६ खाली सरकवून ठेवा, एक पिक्सेलही उघडा राहत नाही की दुहेरी होत नाही.

४ पासून ६४ पर्यंत आणि परत ६४ पासून ४ पर्यंत असा मास्क केला तर ६४ पिक्सेल जास्त होतात. मातीवर ते कळत नाही, पण पाटाच्या पारदर्शक पाण्यावर जोडाजोडाला गडद नक्षी उमटते.

गोडोत टेक्स्चर फिल्टर निअरेस्ट (पिक्सेल मऊ न करणारं), आणि झूम २ किंवा ३ असा पूर्ण आकडा. १.३ झूमवर कितीही चांगली टाइल फाटलेली दिसेल.

कौलारू_आर्ट

छपराकडं कुणी आलंच नाही, म्हणून सांगतो. तुमचा उतार साधारण ३९ अंशांचा असणार. या कॅमेऱ्यातून बरोबर ३९.२ अंशांवर मागची उतरण अगदी कडेवरून दिसते, म्हणजे रेघच होते. त्याच्या आसपास एकदोन पिक्सेलची पट्टी उरते आणि ती दातेरी येते.

दर टाइलला १६ पिक्सेल चढ ठेवा, मॉडेलमध्ये ०.४०८२. उतार २२ अंश होतो. त्रिकोणी भिंतीची पुढची तिरपी कड मग एकास एक चढते आणि मागची कड चक्क आडवी येते, दोन्ही स्वच्छ. मंगलोरी कौलांना हा उतार थोडा कमी वाटेल, पण पडद्यावर मागची कौलंही दिसतात आणि छपराला जडपणा येतो. उभट छप्परच हवं असेल तर सरळ ४५ च्या वर जा, मागची बाजू पूर्ण लपवा. मधलं काही नको.

कौलांच्या ओळी टेक्स्चरवर सोडू नका, या मापात त्यांचा चिखल होतो. रेंडरवर हातानं ओढा, दर ४ पिक्सेलला एक गडद रेघ, पन्हाळीच्या कडेला एक उजळ पिक्सेल.

पन्हाळा_पिक्सेल

मनापासून आभार. एक्स ६० केल्यावर ३२ बरोबर आले, काहीलही गोल वाटायला लागली. शेड ४×२ टाइलची आहे, वाय सॉर्ट (पडद्यावर खाली असलेली वस्तू पुढं काढणं) चालू आहे, तरी गुळव्या गायब होतोच. त्याच्या आठ दिशाही काढायच्यात.

करवीर_ब्लेंड

वाय सॉर्ट एकाच बिंदूवरून ठरवतो. पाया चौरस असला की डावा-उजवा कोपरा केंद्राच्याच वायवर येतो, म्हणून पुढचा माणूस पुढंच राहतो. ४×२ मध्ये एक कोपरा केंद्राच्या वर आणि दुसरा खाली जातो, तिथं गडबड होते. शेडचे २×२ चे दोन तुकडे करा, प्रत्येकाचा नोड आपापल्या पायाच्या मध्यावर. रेंडर एकच असू दे, कापणी पीएनजीवर करा, म्हणजे जोड दिसणार नाही.

आठ दिशांसाठी कॅमेरा फिरवू नका. गुळव्याला एका एम्प्टीखाली (ब्लेंडरमधली न दिसणारी आधाराची वस्तू) टाका आणि ती ४५-४५ अंशांनी फिरवा. सूर्य आणि कॅमेरा जागेवर राहतील, सावली शेडच्या सावलीशी जुळेल. पाच दिशा काढून तीन आरशासारख्या उलटवल्या तर काम वाचतं खरं, पण उजेड उलट बाजूनं येतो आणि उजव्या हातातलं फावडं डाव्या हातात जातं. आठही रेंडर करा. आठ दिशा, आठ फ्रेम, १२८ चा कप्पा: १०२४×१०२४ च्या एकाच शीटमध्ये बसतं.

सावली वेगळ्या पीएनजीत काढा आणि झेड इंडेक्स (कुठलं चित्र वर ते ठरवणारा आकडा) वस्तूंच्या खाली, जमिनीच्या वर ठेवा. स्प्राइटमध्येच भाजली तर गुळव्याची सावली शेडच्या भिंतीवर चढलेली दिसेल.