शेतीचा फीडर (सबस्टेशनमधून येणारी लाइन) सौर विजेवर गेला, दिवसा लाइन आली, तरी डीपी (ट्रान्सफॉर्मर) का जळतो?

बार्शीकडचा शेतकरी
रात्री बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जाणं बंद झालं, हे मोठं सुख आहे. पण आमचा 63 केव्हीएचा डीपी पुन्हा जळला. त्यावर 5 एचपीच्या दहा मोटरी आहेत, ओव्हरलोड नाही म्हणतात. मग जळतो कशाने? आणि दिवसा एवढी वीज होते, तर संध्याकाळी घरातला पंखा का मंदावतो?

निवृत्त ऑपरेटर, 33/11 केव्ही सबस्टेशन
ऑटोस्विच, म्हणजे लाइन आली की मोटर आपोआप चालू करणारा स्विच, किती जणांनी लावलेत, ते आधी बघा. 5 एचपीची मोटर चालताना साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, दहांचे झाले 75. तुमचा डीपी सुमारे 84 अँपिअरचा, म्हणजे पुरतो. पण उठताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते. लाइन आली की दहाच्या दहा एकदम उठतात, व्होल्टेज बसतं, मोटरी वेग घेत नाहीत आणि करंट उतरत नाही, म्हणून डीपी तापून जळतो. मी फीडर चार्ज (चालू) केला की अँपिअर मीटरचा काटा टोकाला जायचा आणि ब्रेकर ट्रिप! लगेच गावातून फोन, "लाइन देता का नाही?"
मोटरी दोन-दोन मिनिटांच्या फरकाने लावा. प्रत्येकीला व्होल्टेज सावरणारा 2 केव्हीएआरचा कॅपॅसिटर बसवून घ्या. फ्यूजच्या जागी कुणी जाड तार घातली असेल, तर वायरमनकडून बदलून घ्या. स्वतः हात लावू नका.

माढ्याहून
माणूस दिवसभर मोटरीपाशी कसा बसणार? उशिरा चालू होणारा टायमर मिळतो, आम्ही प्रत्येकाची वेळ वेगळी लावली.

निवृत्त ऑपरेटर
उत्तम केलंत.
आता संध्याकाळचं. सूर्य मावळतो तेव्हाच घरोघरी दिवे, टीव्ही, कूलर लागतात. मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळला तरच विजेची 50 हर्ट्झ वारंवारता टिकते. अशा वेळी कोयनेची जलवीज कामाला येते. 1960 मेगावॅट, आणि संच काही मिनिटांत लोड घेतात. पण वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा आहे, ते जपूनच वापरावं लागतं. म्हणून घाटघरसारखे प्रकल्प हवेत. तो 250 मेगावॅटचा आहे. दुपारच्या स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं, संध्याकाळी सोडायचं. नुसती पॅनेल वाढवून भागणार नाही, साठवणही त्याच वेगाने वाढायला हवी, असं माझं ठाम मत आहे.
तुमच्या पंख्याचं दुखणं मात्र बहुधा गावठाणच्या डीपीचं आहे. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत व्होल्टेज मोजा आणि आकड्यांसह लेखी तक्रार द्या.