संगणकाला उसनी कुमक आणि आपल्याकडून पूर्ण किंमत?

धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर:
दिवाळीच्या सुट्टीत युद्धनीतीचा एक नवा गेम मी पूर्ण किमतीला घेतला; त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. मधल्या काठिण्यपातळीवर संगणकाने माझ्या शहराला वेढा घातला, पण तट फोडणारे एकही यंत्र सोबत न आणता सहा तलवारबाज तुकड्या भिंतीखाली आणून उभ्या केल्या. माझे दोन तिरंदाज आतून एकेक तुकडी टिपत राहिले आणि पडलेल्या तुकडीच्या जागी मागची निमूटपणे येऊन उभी राहत गेली. देवगिरीच्या वेढ्यात किल्ल्यातल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले म्हणून यादवांना शरण जावे लागले, असे आमच्याकडे सांगतात. वेढ्यात रसद तोडायची असते हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते, त्या संगणकाला मात्र नव्हते.

पातळी वाढवली तेव्हा तो हुशार झाला नाही, फक्त श्रीमंत झाला. ही रीत जुनीच आहे. सिव्हिलायझेशन 6 या गेममध्ये सर्वोच्च ‘डेइटी’ पातळीवर डावाच्या सुरुवातीला खेळाडूला एक वसाहतकार, म्हणजे नवे शहर वसवणारी तुकडी मिळते, तर संगणकाला तीन. जो गेम मुख्यतः एकट्याने खेळायचा म्हणून विकला जातो, त्यात प्रतिस्पर्धी हाच खरा माल आहे, आणि तो कच्चा असेल तर पूर्ण किंमत घेऊ नये, असे माझे मत आहे.

सदस्य, लातूर:
आपली तक्रार समजते, परंतु निष्कर्ष पटत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीवर किंमत ठरत असती, तर स्टॉकफिश हा बुद्धिबळाचा प्रोग्राम सर्वांत महाग असायला हवा होता. तो जगज्जेत्यांनाही हरवू शकतो आणि फुकट मिळतो. शिवाय बुद्धिबळाचा पट 64 घरांचा, दोघांनाही पूर्ण दिसणारा आणि एका पाळीला एकच चाल असलेला. तरीही डीप ब्लू या संगणकाने तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला सामन्यात हरवायला 1997 साल उजाडले. इथे नकाशा झाकलेला असतो, एका पाळीत तीस-चाळीस तुकड्या हलवायच्या असतात, आणि हे सगळे आपल्या साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत उरकावे अशी आपली अपेक्षा असते. उस्ताद खेळाडू नवख्याशी खेळताना आपला वजीर काढून ठेवतो, त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. संगणकाला दिलेली जादा कुमक हीदेखील अशीच सवलत आहे. फरक इतकाच की इथे नवखा संगणक आहे आणि उस्ताद आपण.

सदस्य, परभणी:
वजीर काढून ठेवला जातो तो डाव सुरू होण्यापूर्वी, दोघांच्या देखत. स्टारक्राफ्ट 2 या युद्धाच्या गेममध्ये अशा पातळ्यांच्या नावातच ‘चीटर’ (लबाड) हा शब्द घातलेला आहे: पहिलीत संगणकाला सगळा नकाशा दिसतो, दुसरीत साधनसामग्रीही जादा मिळते. इतका प्रामाणिकपणा बाकीच्यांनीही दाखवायला काय हरकत आहे?

राहिला गेम पारखून घेण्याचा प्रश्न. स्टीम या गेमविक्रीच्या संकेतस्थळावर पैसे परत मिळतात ते खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळले असल्यास. दीर्घ डावाच्या गेममध्ये दोन तासांत पहिले युद्धदेखील पेटत नाही. म्हणून मी आधी इतरांच्या डावांचे चित्रण पाहतो, तेही जादा कुमक नसलेल्या पातळीवरचे, आणि तीनच गोष्टी तपासतो: जखमी तुकडी मागे घेतली जाते का, वेढ्याला यंत्रे येतात का, आणि माझी बगल उघडी पडली तर संगणक आपला बेत बदलतो का.

सदस्य, नांदेड:
पहिल्याच दिवशी घ्यायची घाई कशाला? वर्षभरात सुधारणाही येतात आणि भावही उतरतो.

धागाकर्ता:
वर्षभर थांबणे हा माझ्या खिशापुरता उपाय झाला. पहिल्या दिवशी मागितलेली किंमत त्याने योग्य ठरत नाही. लातूरच्या सदस्यांचा स्टॉकफिशचा दाखला मात्र मला खोडता येत नाही, त्यामुळे ‘प्रतिस्पर्धी हाच खरा माल’ हे वाक्य मी मागे घेतो. कोणत्या पातळीवर संगणकाला काय जादा मिळते, हे खरेदीच्या पानावरच आकड्यांत लिहिलेले असावे, एवढी मागणी ठेवतो.

सदस्य, लातूर:
याला माझा विरोध नाही. किंमत कमी करण्याला अजूनही आहे.