अनुभव धागा: नेटवर्कवरील देखरेख आणि तिकीट यंत्रणा यांची जोडणी

नेटवर्कमधला बिघाड टिपणारी देखरेखीची प्रणाली आणि प्रत्येक बिघाडाची नोंद म्हणजे तिकीट ठेवणारी तिकीट यंत्रणा ज्यांनी प्रत्यक्ष जोडली आहे, त्यांनी आपला अनुभव लिहावा. इन्स्टॉलेशनच्या कमांड मॅन्युअलमध्ये मिळतात. जोडणी सुरू झाल्यावर कोणती तिकिटे उघडली, कोणती उघडायला नको होती आणि ती बंद कोणी केली, हे येथे अपेक्षित आहे.

महाविद्यालयाचे संगणक केंद्र

आमच्याकडे नागिओस ही देखरेखीची प्रणाली आधीपासून होती, ओटीआरएस ही तिकीट यंत्रणा नंतर आली. ओटीआरएसचे सिस्टिम मॉनिटरिंग हे पॅकेज चढवायला फारसा वेळ लागला नाही. नागिओसकडून आलेला ई-मेल ठरलेल्या पत्त्यावरूनच आला आहे ना हे ते पाहते, मजकुरातून यंत्र, सेवा आणि स्थिती रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरातील ठरावीक नमुना शोधण्याच्या सूत्राने) वेचून घेते, स्थिती ‘क्रिटिकल’ किंवा ‘डाउन’ असल्यास तिकीट उघडते, त्याच यंत्राचा आणि सेवेचा पुढचा ई-मेल त्याच तिकिटाला जोडते आणि ‘ओके’ किंवा ‘अप’ आल्यावर ते बंद करते. म्हणजे सगळी भिस्त ई-मेलच्या साच्यावर. आमच्या कंत्राटदाराने साचा सुबक करण्याच्या नादात ‘होस्ट’ची, म्हणजे यंत्राच्या नावाची ओळ बदलली; यंत्र ओळखता येईना आणि नागिओसच्या प्रत्येक स्मरणपत्रागणिक नवे तिकीट उघडू लागले.

उलट दिशेची जोडणी मला अधिक मोलाची वाटते. तिकीट कोणी लॉक केले, म्हणजे स्वतःकडे घेतले, की नागिओसमध्ये त्या बिघाडाची पोच नोंदली जाते आणि स्मरणपत्रे थांबतात. ही पोच नागिओसच्या कमांड फाइलमधून, म्हणजे बाहेरून आज्ञा स्वीकारणाऱ्या फाइलमधून जाते. ओटीआरएस ज्या युजरच्या नावाने चालते, त्याला तेथे लिहिण्याची परवानगी हवी. नेमकी हीच गोष्ट सर्वांत शेवटी तपासली जाते.

सहकारी बँक, पश्चिम महाराष्ट्र

आम्ही देखरेखीसाठी झॅबिक्स वापरतो. आवृत्ती 4.4 पासून त्यात वेबहुकची, म्हणजे दुसऱ्या यंत्रणेला वेबवरून थेट संदेश पाठवण्याची सोय असल्याने ई-मेलचा मजकूर चाळण्याची गरज उरली नाही; तिकिटाचा क्रमांक टॅग म्हणून मूळ घटनेलाच चिकटतो आणि बिघाड मिटल्यावर बरोबर तेच तिकीट अद्ययावत होते. पावसाळ्यात मुख्य कार्यालयाची लिंक तुटली की शाखांची तिकिटे धो धो येत. प्रत्येक शाखेचा ट्रिगर (बिघाड ठरवणारी अट) मुख्य राउटरच्या ट्रिगरवर अवलंबून ठेवल्यावर एकच तिकीट उघडू लागले. शिवाय तिकीट उघडण्याची कृती लगेच होणाऱ्या पहिल्या पायरीऐवजी थोड्या वेळाने येणाऱ्या दुसऱ्या पायरीवर ठेवली, त्यामुळे क्षणभर वीज जाऊन आल्याच्या नोंदी मधल्या मध्ये गळून जातात. अवलंबित्वाचा हा तक्ता कागदावर तयार होईपर्यंत जोडणीला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रात्रपाळीचे निरीक्षण केंद्र, पुणे

तिकीट आपोआप बंद व्हावे, या मताचा मी नाही. रात्रभर वर-खाली होणारी लिंक सकाळी ‘अप’ दिसते आणि तिकीट बंद झालेले असल्याने दिवसपाळी त्याकडे वळतही नाही. नागिओस शेवटच्या 21 तपासण्यांवरून अशी अस्थिरता ओळखते आणि त्या काळातील सूचना दाबून ठेवते. पण त्या दाबलेल्या अवस्थेचेही तिकीट हवे. आमच्याकडे सुधारणेची सूचना आल्यावर तिकीट ‘पडताळणी बाकी’ या स्थितीत जाते आणि ते माणूसच बंद करतो.

दवाखान्याचा आयटी विभाग

देखरेखीच्या आणि तिकिटांच्या अशा दोन्ही सर्व्हरची घड्याळे आधी एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवावीत आणि टाइम झोनही तपासावा. आमच्याकडे एक सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होता. त्यामुळे तिकिटावरील वेळ साडेपाच तास मागे दिसे आणि प्रतिसादाचा मासिक अहवाल कोणी मान्य करेना.