कंपनीच्या लॅपटॉपवर बाहेरचं वायफाय बंदच हवं: तुमचं मत?

कुपवाडचा सिस्टिमवाला
कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सिस्टिम बघतो. चाळीसेक लॅपटॉप आहेत. गेल्या महिन्यात सगळ्यांवर ग्रुप पॉलिसीने, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्यांना एकदम लागणाऱ्या सेटिंगनं, फिल्टर टाकला. ऑफिसच्या वायफायचं नाव सोडून यादीत दुसरं काही दिसतच नाही. तेव्हापासून रोज कुणी ना कुणी टेबलाशी येऊन भांडतं.

पण कारण ऐका. डिझाइनमधल्या एका मुलानं लॅनची, म्हणजे ऑफिसच्या नेटची, वायर तशीच ठेवून मोबाइलचा हॉटस्पॉटही जोडला, कारण ऑफिसच्या नेटवर काही साइट बंद आहेत. पुढच्या दाराला फायरवॉल आणि मागचं दार सताड उघडं! त्या वाटेनं आलेल्या व्हायरसनं शेअर्ड फोल्डरमधली पॅटर्नची ड्रॉइंग लॉक केली. बॅकअप आठवड्याचा जुना. दोन रात्री सर्व्हर रूममध्ये काढल्या. लॅपटॉप कंपनीचा आहे, तर नेटही कंपनीचंच वापरा. यात चूक काय?

कोरेगाव रोड, सातारा
साहेब, चूक ही की सगळे तुमच्यासारखे एका टेबलावर बसत नाहीत. मी सर्व्हिस इंजिनिअर. आज कराड, उद्या चाकण, परवा कोल्हापूर. कस्टमरचं मशीन बंद पडलेलं असतं आणि मॅन्युअल असतं कंपनीच्या सर्व्हरवर. तिथं तुमच्या ऑफिसचं वायफाय कुठून आणू? आणि लॉजच्या वायफायची एवढी भीती कशाला? आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून, चालतात, मधला माणूस आतला मजकूर वाचू शकत नाही.

सांगलीवाडीकर
मी पगार काढते. ऑगस्ट 2019 सांगते. पाणी चढायच्या आत आम्ही सांगलीवाडी सोडून मिरजेला मावशीकडे आलो. अंगावरचे कपडे, आईची औषधं आणि ऑफिसचा लॅपटॉप, एवढंच बरोबर. सात तारखेच्या आत पगार जायला हवे होते. अर्ध्या कामगारांची घरं पाण्यात, त्यांना तर पैसे त्याच दिवशी हवे होते. मावशीच्या राउटरवर घरातले चार मोबाइल चालत होते आणि माझ्या लॅपटॉपवर वायफायची यादी कोरी. असाच फिल्टर. सिस्टिमवाले दादा स्वतःच पुरात अडकलेले, फोन लागेना.

शेवटी भाच्यानं मोबाइलला यूएसबी केबल लावून नेट दिलं, ते लगेच चाललं. रात्री साडेअकराला बँकेची फाइल गेली. तेव्हापासून मनात एकच प्रश्न आहे. ज्या कुलपानं मला अडवलं, त्यानं त्या केबलला का नाही अडवलं? मग ते कुलूप नक्की कुणासाठी होतं?

मिरज जंक्शन
ताईंनी नेमकं दुखणं सांगितलं. यूएसबी टेदरिंग, म्हणजे केबलनं घेतलेलं मोबाइलचं नेट, विंडोजला वायफाय म्हणून दिसतच नाही, वायरचं नेटवर्क कार्ड दिसतं. त्यामुळे वायफायचा फिल्टर तिथं लागूच होत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हा फिल्टर फक्त नाव बघतो. तुमच्या वायफायचं नाव काय, हे गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवरूनही दिसतं. तेच नाव मी माझ्या हॉटस्पॉटला देऊ शकतो. पासवर्ड सगळ्यांना एकच असेल आणि सोडून गेलेल्या मुलांनाही माहीत असेल, तर लॅपटॉप आपण होऊन खोट्या वायफायला चिकटेल. खरा उपाय डिजिटल प्रमाणपत्राचा, म्हणजे लॅपटॉपच्या ओळखपत्राचा. वायफाय एंटरप्राइझ मोडवर घ्या, म्हणजे सगळ्यांना एकच पासवर्ड नाही, प्रत्येकाची ओळख वेगळी, विंडोज सर्व्हरमध्ये रेडियसची, म्हणजे ही ओळख तपासायची, सोय असतेच, प्रत्येक लॅपटॉपला वेगळं प्रमाणपत्र द्या. मग सर्व्हर लॅपटॉपला ओळखतो आणि लॅपटॉप सर्व्हरला. माणूस गेला की त्याचं प्रमाणपत्र रद्द करायचं, बाकी कुणाला पासवर्ड बदलून द्यायला नको.

डिझाइनमधल्या मुलाच्या प्रकरणाला तर वेगळंच सेटिंग आहे: लॅनची वायर लागली की वायफाय बंद. ते लावलं असतं, तर त्या दोन रात्री वाचल्या असत्या.

कुपवाडचा सिस्टिमवाला
वायर लागली की वायफाय बंद, हे सेटिंग आजच लावतो. नावाच्या फिल्टरचंही मान्य, पासवर्ड आमच्या स्टोअरमध्ये फळ्यावर लिहिलेला आहे. पण ताई, तुमच्या पुराच्या गोष्टीवरून मी सगळं उघडं करणार नाही. पूर दर महिन्याला येत नाही. अकाउंटच्या चौघांच्या घरच्या राउटरची नावं पॉलिसीत घालून देतो. आणि ती यूएसबीची वाटही बंद करणार.

सांगलीवाडीकर
घरचा राउटर पाण्यात गेला होता, दादा. मी मावशीकडे होते. पूर येतो तेव्हा माणूस यादीतल्या घरात नसतो, आणि यूएसबीही बंद केलीत तर पगार कसा काढायचा?

कोरेगाव रोड, सातारा
हेच म्हणतोय. बाहेर जाणाऱ्यांना वायफाय मोकळं ठेवा आणि व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरपर्यंतची कुलूपबंद वाट, सक्तीचं करा. फक्त व्हीपीएन सुरू झाल्याशिवाय सगळंच बंद असं करू नका. लॉजचं वायफाय आधी स्वतःचं लॉगिन पान दाखवतं, ते पानच उघडत नाही आणि मी पार्किंगमध्ये मोबाइल वर धरून रेंज शोधत फिरतो.

कुपवाडचा सिस्टिमवाला
ताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, खरंच. अकाउंट आणि सर्व्हिसच्या लॅपटॉपचा फिल्टर सोमवारी काढतो, आधी व्हीपीएन बसवून. शॉप फ्लोअरचा मात्र राहील. जंक्शनवाले, आमचे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारे डबे, सात-आठ वर्षं जुने आहेत, एंटरप्राइझ मोड असेल का त्यात?

मिरज जंक्शन
सिक्युरिटीच्या यादीत डब्ल्यूपीए-टू एंटरप्राइझ दिसतंय का बघा. दिसलं तर नवीन काही घ्यायला नको. पण आधी तो फळा पुसा.