पाकळ्यांचे काचमणी भट्टीतून नीट निघतात, मग नंतर का टिचतात?

ठाणेकरीण:
टॉर्चवर, म्हणजे गॅसच्या ज्योतीवर काच वितळवून मणी करते. मुरानोची एफेत्रे काच वापरते, म्हणजे १०४ची (तापल्यावर काच किती फुगते, त्याचा हा आकडा). साधे गोल मणी ठणठणीत राहतात, त्रास फक्त फुलांच्या मण्यांचा. मध्ये साधारण १६ मिमीचा गाभा, भोवती पातळ पाकळ्या. भट्टी ५१० सेल्सिअसला अर्धा तास धरते आणि बंद करते. सकाळी सगळे छान दिसतात. दोन-तीन दिवसांनी डबीत एखादी पाकळी बुडातून सुटलेली सापडते. एक मणी तर गिऱ्हाइकाच्या गळ्यातच टिचला, फार वाईट वाटलं. भट्टी छोटी आहे, बंद केल्यावर अर्ध्या तासात आकडा ३८०वर येतो. तापमान वाढवू का?

वसईकर:
माझ्याकडे भट्टी नाही. गरम व्हर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिज दाण्यांत पुरून ठेवतो. बारीक मण्यांना चालतं.

ज्योतकाम:
दादा, व्हर्मिक्युलाइटमध्ये मणी सावकाश निवतो एवढंच, त्याचं अनीलिंग (ठरावीक तापमानाला धरून काचेतला ताण काढणं) होत नाही. विकायचा मणी असेल तर भट्टी हवीच.

ताई, तापमान अजिबात वाढवू नका. पाकळ्या लवतील, मणी खाली चिकटतील. ५१० बरोबर आहे, बिघडतंय ते त्यानंतर. त्या तापमानाला काचेतला ताण सुटतो, पण नंतर भट्टी झपाट्याने उतरली तर पातळ पाकळी आधी घट्ट होते, गाभा मागाहून आकसतो आणि पाकळीच्या बुडाशी नवा ताण कोंडून बसतो. अर्ध्या तासात १३० अंश म्हणजे फारच घाई. शेवटचा मणी आत गेल्यावर घड्याळ लावा आणि तिथून पूर्ण तास ५१०ला धरा. मग ताशी ५० अंशांनी ३७०पर्यंत उतरवा, याला पावणेतीन-तीन तास लागतात. तिथे भट्टी बंद करा, पण आतलं हाताला सोसेल इतकं निवेपर्यंत दार उघडायचं नाही. वीज जाण्याची वेळ ठरलेली असेल तर ती टाळूनच भट्टी लावा.

आता आत जाण्याआधीचं. माझ्या मते फुलाच्या मण्याचं अर्धं नशीब इथेच ठरतं. शेवटची पाकळी लावेपर्यंत पहिली बरीच निवलेली असते. म्हणून सगळं झालं की मणी ज्योतीच्या शेपटाकडे, लांब धरून फिरवत राहा. पाकळ्या आणि गाभा सारखे तापले पाहिजेत, पण कडा गोल व्हायला लागता कामा नयेत. बाहेर काढून लाली विझेपर्यंतच थांबा आणि लगेच आत. पाकळी भट्टीच्या भिंतीला टेकू देऊ नका.

ताण डोळ्यांनी बघता येतो. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा. पोलराइज्ड गॉगल डोळ्यासमोर धरून पडदा काळा होईपर्यंत फिरवा. मग मधे पारदर्शक मणी धरा. काळ्यावर जिथे काच उजळते तिथे ताण आहे. अपारदर्शक रंगात हे दिसत नाही, म्हणून प्रत्येक खेपेला एक पारदर्शक फूल सोबत टाका.

आणि एक विचारते: पाकळीसाठी वितळवलेली काचेची काडी कुठली? १०४च्या गाभ्यावर ९६ची किंवा आकडा माहीत नसलेली काडी बसवली असेल तर दोन्ही वेगवेगळ्या आकसतात. तो ताण भट्टीने जात नाही, कितीही तास ठेवा. चीर दोन रंगांच्या सांध्यानेच गेली असेल तर पहिला संशय काडीवर घ्या.

ठाणेकरीण:
काड्या सगळ्या १०४च्याच, एकाच दुकानातल्या. गॉगल लावून बघितलं. गोल मणी जवळजवळ काळाच, आणि फुलात प्रत्येक पाकळीच्या बुडाशी पांढरी चकाकी! डबीतले न टिचलेले मणी आता वाया गेले का?

ज्योतकाम:
नाही हो! ज्यांना चीर नाही ते पुन्हा लावा. थंड भट्टीत ठेवून ताशी १५० अंशांच्या वर न जाता चढवा, मग तोच तास आणि तोच उतार. चीर पडलेले मात्र सांधणार नाहीत. निघाल्यावर परत पडद्यासमोर धरा आणि बुडाची चकाकी गेली असेल तेच विकायला काढा.

वसईकर:
माझ्याकडे बोरोसिलिकेटच्या, म्हणजे उष्णता जास्त सोसणाऱ्या काचेच्या काड्या आल्यात. त्यांनाही ५१०च का?

ज्योतकाम:
नाही, बोरोसिलिकेटला साधारण ५६५ लागतं. म्हणून दोन्ही काचा एका खेपेला लावू नका.